परस्पर नावे पडलेली नोंद

१ जुलै २०१८ हा रविवार होता आणि साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी गावात उतरले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढीजात क्रम. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्यापूर्वी कित्येक दिवस धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील मोबाइलवर फिरत होते. जमावाला संशय आला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले.

मारणाऱ्यांचा गुन्हा उघड होता. ज्यांनी संदेश पुढे पाठवले त्यांचे काय, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. त्यांपैकी बहुतेकांच्या मनात द्वेष नसावा. ‘मुलांना सांभाळा’ एवढ्याच काळजीने आईबापांनी, दुकानदारांनी, शिक्षकांनी तो मजकूर पुढे ढकलला असणार. एकेकट्याने पाहिले तर ते गुन्हा नव्हते. एकत्र झाले तेव्हा पाच प्रेते पडली.

त्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, झुंडबळींविषयी आधीपासून चालू असलेल्या तहसीन पूनावाला यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमावा, चिथावणीखोर मजकुरावर लक्ष ठेवावे, तो पसरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवावेत, असे त्यात सांगितले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सणासुदीच्या तोंडावर समूहाच्या प्रमुखांना पोलिसांची नोटीस येणे हेही आता अपरिचित राहिलेले नाही. पूर्वी तिला ‘१४९ची नोटीस’ म्हणत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि ते कलम १६८ झाले. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसाने मध्ये पडावे, एवढाच त्या कलमाचा आशय आहे. नोटीस द्यावी, तिची नोंद किती वर्षे ठेवावी, याविषयी ते काहीही बोलत नाही.

गुन्हा घडलेला नसताना पोलिसांच्या वहीत माणसाचे नाव चढावे काय, या प्रश्नावर इंग्लंडमध्ये गेली काही वर्षे मोठा वाद चालला आहे. त्याचा उगमही एका हत्येत आहे. १९९३च्या एप्रिलमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा लंडनमध्ये वर्णद्वेषातून खून झाला आणि पोलिसांनी तपासात अक्षम्य हलगर्जी केली. १९९९च्या मॅकफर्सन अहवालाने सांगितले की, पीडिताला किंवा अन्य कोणालाही एखादी घटना वर्णद्वेषाची वाटली, तर ती गुन्हा असो वा नसो, नोंदवलीच पाहिजे. हेतू चांगला होता, कारण खुनाआधीच्या लहानसहान छळाकडे यंत्रणेने दुर्लक्ष करू नये असे अहवालाला वाटत होते. पुढे ही नोंद धर्म, अपंगत्व, लिंगओळख अशा बाबींनाही लागू झाली. तक्रारदाराला ‘वाटले’ एवढा आधार पुरेसा ठरला आणि ज्याचे नाव चढले त्याला ते कळेलच असेही राहिले नाही. काही नोकऱ्यांसाठी होणाऱ्या सखोल चारित्र्य पडताळणीत ही नोंद उघड होण्याची शक्यता होती.

हॅरी मिलर हे स्वतः पूर्वी पोलीस होते. २०१९च्या जानेवारीत त्यांच्या काही ट्विटबद्दल तक्रार आली आणि एक शिपाई चौकशीसाठी थेट त्यांच्या कामाच्या जागी गेला. गुन्हा नव्हता, नोंद मात्र झाली. १४ फेब्रुवारी २०२० रोजी उच्च न्यायालयाने पोलिसांची ही कृती बेकायदा ठरवली. २० डिसेंबर २०२१ रोजी अपील न्यायालयाने त्यामागची मार्गदर्शक सूचनाच अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर अनुचित आघात करणारी आहे असे म्हटले. २०२३मध्ये सरकारने नवी संहिता आणली. गंभीर इजेचा किंवा भावी गुन्ह्याचा खरा धोका असेल तरच व्यक्तीचे नाव नोंदवावे, असे तिचे सूत्र आहे. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या पोलिसांनी अशा बिनगुन्ह्याच्या घटनांचा तपास यापुढे करणार नसल्याचे जाहीर केले.

पेढीवर बसणाऱ्याला यातली मेख समजावून सांगावी लागत नाही. समोरच्या पेढीने आपल्या खात्यावर परस्पर रक्कम नावे टाकली आणि उतारा कधी दाखवलाच नाही, तर त्या हिशेबाला कोणी हिशेब म्हणत नाही. आकडा खरा की खोटा हा पुढचा प्रश्न. आधी खातेदाराला तो दिसला पाहिजे.

आपल्याकडील वह्या निराळ्या आहेत. अदखलपात्र तक्रार, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘एनसी’, पोलीस ठाण्यात लिहून घेतली जाते. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तिचा तपास करता येत नाही. नव्या संहितेच्या कलम १७४ने अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्याकडे पाठवण्याचे बंधन घातले, ही चांगली सुधारणा आहे. परंतु ज्याच्याविरुद्ध नोंद झाली त्याला ती कळवावी, असे हे कलम सांगत नाही. ‘चॅप्टर केस’मध्ये निदान कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर बाजू मांडता येते. दखलपात्र गुन्ह्याची स्थिती तर त्याहून बरी म्हणावी लागेल: सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६च्या निकालानुसार, संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा लागतो. गंभीर आरोपाचा कागद आरोपीला दिसतो आणि किरकोळ नोंदीचा दिसेलच असे नाही, अशी ही उलटी तऱ्हा आहे.

कायद्याचा हात घाईने पडला तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. त्या प्रकरणातून उठलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकावर २०२२मध्ये व्हॉट्सॲप स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला. तो रद्द व्हायला ७ मार्च २०२४ उजाडला. त्या निकालात वापरलेली कसोटी मूळची नागपूरची आहे. शब्दांचा परिणाम हळव्या, डळमळीत मनाच्या माणसावरून मोजू नये, समंजस आणि खंबीर मनाच्या माणसावरून मोजावा, असे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात सांगून ठेवले होते. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पायरी घातली: तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या, बोलण्यालिहिण्याशी संबंधित आरोपांत आधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करणे उचित.

जैन घरांना हा विषय केवळ आरोपीच्या बाजूने भेटतो असे नाही. २०१६च्या ऑगस्टमध्ये मुनिश्री तरुणसागरजी यांनी हरियाणा विधानसभेत प्रवचन केले. त्यावर संगीतकार विशाल ददलानी आणि तहसीन पूनावाला यांनी बोचरी ट्विटे केली. हे तेच पूनावाला, ज्यांच्या याचिकेवर पुढे झुंडबळीचा निकाल लागला. अंबाला येथे गुन्हा दाखल झाला. ज्यांचा अपमान झाला असे तक्रारीत म्हटले होते, त्या मुनिश्रींनी मात्र राग धरला नाही. ददलानी यांनी चंदीगडला जाऊन त्यांची प्रत्यक्ष क्षमा मागितली. विषय वास्तविक तेथेच मिटला होता; कागद मिटायला वर्षे लागली. २०१९मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला, परंतु दोघांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरण्यास सांगितले. तो भुर्दंड सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२५ रोजी काढून टाकला. नैतिकतेची पहारेदारी हे न्यायालयाचे काम नव्हे, असा त्याचा अभिप्राय होता. भाषासमिती हे व्रत आहे, ते ज्याने त्याने स्वतःसाठी घ्यायचे असते. दुसऱ्याकडून ते पाळून घेण्यासाठी ठाणेदाराला बोलावता येत नाही.

आता पुन्हा राईनपाड्याकडे यावे लागते. त्या पाच जणांविरुद्ध त्या गावात कोणताही आरोप नव्हता. होता तो केवळ अनोळखी, फिरत्या माणसाविषयीचा संशय. भटक्या-विमुक्तांना या संशयाचे कागद फार जुने आहेत. १८७१च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवून टाकल्या. कृत्य काय, याला महत्त्व नव्हते. जन्म पुरेसा होता. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला, पण वहीतला शिक्का मनातून गेला नाही. ७ मे २०२४ रोजी, दिल्लीच्या एका प्रकरणात, मागास आणि वंचित समाजातील निरपराध माणसांची नावे पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवली जातात, याची दखल सर्वोच्च न्यायालयाला घ्यावी लागली. नोंद करणारा हात माणसाकडे पाहून लिहू लागला की काय होते, हे त्या समाजांइतके कोणाला ठाऊक नाही.

म्हणून खानदेशात हा प्रश्न ‘पोलिसांनी लिहावे की लिहू नये’ असा ठेवता येत नाही. ७ मे १९७० रोजी भिवंडी पेटली आणि दुसऱ्याच दिवशी जळगाव. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेली बाचाबाची दंगलीपर्यंत गेली आणि पोलीस गोळीबारात सहा जण मृत्युमुखी पडले. अशा शहरांत अफवेची नोंद झालीच पाहिजे: कोणता मजकूर, कोठे फिरतो आहे, कोणाला धोका आहे. माणसाचे नाव त्यात यायचे, तर धोका दाखवता आला पाहिजे आणि त्याला प्रत मिळाली पाहिजे.

भिवंडीत १९८८मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसे पोलिसांबरोबर नियमित एकत्र बसू लागली. कागदावर चढण्याआधीच कुरबूर तोंडी येऊ लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

जळगावच्या दाणाबाजारातील आणि धुळ्याच्या आग्रा रोडवरील व्यापारी गणेशोत्सवापूर्वीच्या शांतता समितीच्या बैठकींना जाऊन बसतात. मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ, दुकाने कधी बंद करायची, एवढे बोलून चहा होतो. यंदा त्या बैठकीत आणखी तीन गोष्टी विचारता येतील. गेल्या वर्षी किती जणांना नोटिसा दिल्या, त्यांच्या नोंदी अजून ठेवल्या आहेत काय, आणि बाहेरगावचे भिक्षेकरी, फेरीवाले गावात आले तर अफवा उठण्याआधी त्यांची खबर कोणाला द्यायची.