हृदय आणि आहार : लेखांक ५
लोण्याच्या प्रांतात

फिनलंडच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून नॉर्थ कारेलिया हा जंगलांचा आणि तळ्यांचा प्रांत आहे. १९७०च्या सुमारास तिथले पुरुष लाकूडतोड आणि शेती करून घर चालवत. अंगमेहनतीत कुणी कमी नव्हतं. तरीही ३५ ते ६४ या वयोगटात दर लाख पुरुषांमागे वर्षाला सुमारे ६७० जण हृदयरोगाने दगावत. कर्ती माणसं अशी जाताना पाहून १९७१ साली तिथल्या लोकप्रतिनिधींनी थेट सरकारकडे निवेदन दिलं.

दुखण्याचं मूळ बरंचसं ताटात होतं. दहातले जवळपास नऊ जण पावाला लोणी लावत. स्वयंपाकही लोण्यातच होई, सोबत सायीचं दूध, चरबीदार डुकराचं मांस आणि भरपूर मीठ. भाजीपाला हे गुरांचं खाणं मानलं जाई. अशा जेवणातल्या संपृक्त मेदामुळे रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढतं आणि धमन्यांच्या अस्तरात साचत जातं. हे वर्षानुवर्षं चालतं, पण माणसाला काही जाणवत नाही. म्हणूनच पन्नाशीतल्या झटक्याची सुरुवात विशीतल्या जेवणात शोधावी लागते.

१९७२ साली सुरू झालेल्या प्रकल्पाची धुरा २७ वर्षांच्या पेक्का पुस्का या डॉक्टरकडे आली. एकेका रुग्णाला पथ्य सांगून प्रांत बदलणार नाही, हे त्याने ओळखलं. मग तो ‘मार्था’ या गृहिणींच्या संघटनेकडे गेला. गावोगावी मेळावे भरले. डॉक्टरांचं बोलणं थोडक्यात आटपे आणि मग सगळे मिळून जेवत. कारेलियाच्या पारंपरिक रश्श्यातलं मांस कमी करून त्यात बटाटे, गाजरं आणि कंद घातले गेले. चव आपलीच राहिल्यामुळे बायकांनी तो आनंदाने स्वीकारला. माझ्या मते सगळ्या मोहिमेतला हाच सर्वांत शहाणपणाचा भाग. परंपरा मोडायला न सांगता तिच्यातच जागा करून घेतली गेली.

खरा पेच दुभत्या जनावरांवर जगणाऱ्या शेतकऱ्यांचा होता. लोणी कमी खा म्हणणं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय. म्हणून काहींना बेरीच्या लागवडीकडे वळायला मदत दिली गेली. मोहरीच्या कुळातल्या रेपसीडच्या थंडीत तगणाऱ्या जाती आल्या आणि देशातच पिकलेलं तेल स्वयंपाकघरात पोचलं. सॉसेज बनवणाऱ्यांनी आणि दुग्धशाळांनीही कमी चरबीचा माल बाजारात आणला.

पुढच्या चार दशकांत त्या वयोगटातल्या पुरुषांचे हृदयरोगाने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. याचं सगळं श्रेय जेवणाला देता येणार नाही. पुरुषांमधलं धूम्रपान कमी झालं, रक्तदाबावर उपचार होऊ लागले, रुग्णालयं सुधारली. उरलेल्या फिनलंडमध्येही मृत्यू घटले, कारण १९७७नंतर मोहीम देशभर नेली गेली. तरी जोखमीचे घटक वेगळे करून पाहिले, तेव्हा सर्वांत मोठा वाटा कोलेस्टेरॉल उतरण्याचा निघाला. आणि ते उतरू लागलं होतं स्टॅटिन गोळ्या बाजारात येण्याच्या कितीतरी आधी.

राहिलं मीठ. जास्त मिठाच्या पदार्थांवर इशारा छापणं फिनलंडने सक्तीचं केलं, त्याविषयी पुढच्या आठवड्यात.