गाडी शिकण्याआधी वेळेचा हिशेब मांडा

दुकानाचा माल पोहोचवण्यासाठी टेम्पो घेतला जातो. पण तो चालवणार कोण, याचा विचार बहुधा गाडी दारात उभी राहिल्यावर होतो. ऐन सणाच्या दिवसांत ड्रायव्हर गावी जातो, गाठी गोदामात पडून राहतात आणि मग घरच्या मुलाला सांगितले जाते, "चार दिवसांत शिकून घे." चूक इथेच होते. सीझनचा माल आपण दोन-तीन महिने आधी नोंदवतो. गाडी शिकण्यासाठीही तितकाच अवधी हाताशी हवा.

पहिली गोष्ट वयाची. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे मोटार चालवण्यासाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. "गल्लीतल्या गल्लीत नेतो" म्हणून अल्पवयीन मुलाच्या हाती चावी देणारे व्यापारी आजही दिसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. एका फेरीचे भाडे वाचवण्यासाठी एवढा मोठा सौदा कोणता शहाणा व्यापारी करील?

दुसरी गोष्ट मुदतीची. आधी शिकाऊ लायसन्स काढावे लागते. त्याचा अर्ज आता ऑनलाईन करता येतो. परीक्षेत वाहतुकीच्या खुणा, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, गाडीत ठेवायची कागदपत्रे यांवर प्रश्न असतात. ४० वर्षांवरील अर्जदाराला डॉक्टरचे प्रमाणपत्रही लागते. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालते. पण पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. चाचणीत नापास झाल्यास पुन्हा निदान ७ दिवस थांबावे लागते. म्हणजे सर्व सुरळीत झाले तरी दीड-दोन महिने धरावेत. ज्याला दिवाळीत गाडी हवी, त्याने पावसाळ्यातच अर्ज करावा.

तिसरी गोष्ट शिकवणीची. ड्रायव्हिंग स्कूलची फी विचारताना फक्त रक्कम पाहू नये. हलक्या वाहनाचे शिक्षण किमान २१ दिवसांचे आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे किमान १० तासांचे असावे, असा नियम आहे. म्हणून पैसे भरण्याआधी विचारावे: रोज स्टिअरिंग माझ्या हातात किती मिनिटे राहील? शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आहे का? एका गाडीत एका वेळी किती जण बसतात? कापड घेताना आपण मीटर मोजून घेतो, इथे मिनिटे मोजून घ्यावीत.

सरावाचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम मोकळ्या मैदानात क्लच, ब्रेक आणि गिअर. नंतर वळणे व रिव्हर्स. मग चढावर थांबवून पुन्हा उचलणे. त्यानंतर गर्दीचा रस्ता. रात्रीचा आणि पावसातला सराव शेवटी. आरशाकडे पाहण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावावी. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' असावा आणि शेजारी लायसन्सधारक जाणकार माणूस बसलेला असावा. याशिवाय शिकाऊ माणसाने मोटार रस्त्यावर काढणे गुन्हा आहे.

आता खास व्यापाऱ्यांच्या कामाची बाब. हलक्या मोटारीच्या लायसन्सवर मालवाहू टेम्पो चालवता येतो का, यावरून विमा कंपन्या आणि गाडीमालक यांच्यात वर्षानुवर्षे वाद होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिला की, ज्याचे एकूण वजन ७५०० किलोपर्यंत आहे असे मालवाहू वाहन या लायसन्सवर चालवता येते, वेगळ्या नोंदीची गरज नाही. एकूण वजन म्हणजे रिकामी गाडी अधिक तिला मंजूर असलेला माल. आर.सी. बुकात हा आकडा पाहून घ्यावा. त्यापेक्षा जड गाडीसाठी वेगळा परवाना लागतो. तो नसताना अपघात झाला, तर भरपाईचा बोजा मालकाच्या गळ्यात पडू शकतो.

एक हिशेब नवशिक्याने कायम लक्षात ठेवावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. समोर मूल आलेले दिसणे आणि पाय ब्रेकवर जाणे यात साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ११ मीटर संपलेले असतात. गाडी भरलेली किंवा रस्ता ओला असेल, तर थांबायला आणखी जास्त अंतर लागते. रिकाम्या मोटारीवर शिकलेल्याने भरलेला टेम्पो लगेच हाती घेऊ नये, तो यासाठीच. आधी काही दिवस जुन्या ड्रायव्हरला शेजारी बसवून अर्ध्या मालावर फेऱ्या कराव्यात.

लायसन्स हाती आले म्हणजे हात बसला असे नाही. मालाचे नुकसान पुढच्या सीझनमध्ये भरून निघते, माणसाचे निघत नाही. घाई करायचीच असेल तर अर्ज करण्यात करावी, रस्त्यावर करू नये.