तांब्याच्या मागावर (६) : जड, पण चुंबकाला न जुमानणारा खडक

मागच्या लेखात आपण खेत्रीच्या डोंगरांत होतो. तिथे तांब्याने आपला पत्ता स्वतःच दिला होता. खडकावरचे हिरवे डाग, प्राचीन खोदकामाचे खड्डे आणि धातू गाळल्यावर उरलेल्या मळीचे ढीग, सारे उघड्यावर होते. आज ज्या साठ्याकडे जायचे आहे त्याने यातले काहीच दिले नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या उत्तरेला साधारण साडेपाचशे किलोमीटरवर, लाल वाळूच्या टेकाडांचा कोरडा मुलूख आहे. मेंढपाळीच्या त्या प्रदेशात जनावरांसाठी एक पाणसाठा होता. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकवरून त्याला ‘ऑलिम्पिक डॅम’ हे नाव पडले. आजूबाजूला तांब्याची एकही खूण नव्हती आणि ती असण्याची शक्यताही नव्हती, कारण तांबे बाळगणारा खडक साडेतीनशे मीटर जाडीच्या आडव्या गाळखडकांखाली गाडलेला होता. १९७५ मध्ये वेस्टर्न मायनिंग कॉर्पोरेशन या कंपनीने तिथे पहिले बोअर घेतले आणि जगातल्या सर्वांत मोठ्या तांबेसाठ्यांपैकी एक सापडला. त्याच साठ्यात युरेनियम, सोने आणि चांदीही आहे.

एवढ्या विस्तीर्ण वाळवंटात भोक नेमके तिथेच का पाडले? त्यामागे दोन नकाशे आणि एक कल्पना होती. कल्पना डग्लस हेन्स या भूवैज्ञानिकाची. बेसाल्टमध्ये तांबे अल्प प्रमाणात पसरलेले असते. गरम, खारट पाण्यामुळे अशा बेसाल्टचे ऑक्सिडीकरण झाले तर त्यातले तांबे सुटते आणि पाण्याबरोबर वर जाऊन गाळखडकांत साचू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून कंपनीचा शोध तांब्याचा नव्हता, जमिनीत गाडलेल्या बेसाल्टचा होता. बेसाल्ट जड असतो आणि चुंबकीयही असतो. तेव्हा गुरुत्वाकर्षण जास्त आणि चुंबकीय क्षेत्रही जास्त, अशा दोन्ही विसंगती जिथे एकमेकींवर पडतात तिथे बेसाल्टचा उंचवटा असावा, असा तर्क होता. सरकारी सर्वेक्षणांचे नकाशे उपलब्ध होते. त्यांवर टिम ओ’ड्रिस्कोल यांनी भूकवचातल्या लांबच लांब रेषांचा अभ्यास जोडला आणि जागा ठरली.

आरडी-१ या पहिल्या बोअरमध्ये सुमारे साडेतीनशे मीटरच्या खाली ३८ मीटर लांबीच्या कोअरमध्ये, म्हणजे बोअरमधून बाहेर काढलेल्या खडकाच्या दंडगोल कांडीत, तांबे साधारण १ टक्का भरले. मात्र बेसाल्टचा उंचवटा तिथे नव्हताच. वर आला तो ग्रॅनाइटचा भुगा आणि हेमेटाइट, म्हणजे लोहाचे लालसर ऑक्साइड, यांनी बनलेला तुकड्यातुकड्यांचा खडक. भूवैज्ञानिक त्याला ब्रेशिया म्हणतात. पुढच्या बहुतेक बोअरांनी निराशा केली. कंपनीने तरीही यंत्र हलवले नाही आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये आरडी-१० ने १७० मीटर लांबीत २ टक्क्यांहून थोडे अधिक तांबे दाखवले. आरडी-१ ते आरडी-१० हा काळ मला या साऱ्या कथेतला सर्वांत मोलाचा वाटतो. कल्पना चुकली होती, नकाशे मात्र खरे होते, आणि नकाशावरच्या त्या फुगवट्याचा खरा अर्थ काय हे कोअर हातात घेऊन नव्याने ठरवावे लागले.

तो अर्थ समजून घ्यायला थोडा हिशेब करू. ग्रॅनाइटची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे २.६५ ग्रॅम. तांब्याचे मुख्य खनिज चॅल्कोपायराइट, त्याची घनता सुमारे ४.२, आणि त्यात वजनाने साधारण एक तृतीयांश तांबे असते. समजा खडकात २ टक्के तांबे आहे. हा उत्तम साठा झाला. तेवढ्यासाठी वजनाने सहा टक्क्यांच्या आसपास चॅल्कोपायराइट लागेल. त्यामुळे खडकाची घनता किती वाढेल? २.६५ वरून जेमतेम २.७१. एका ग्रॅनाइटपासून दुसऱ्या ग्रॅनाइटपर्यंत जाताना एवढा फरक सहज पडतो. आता त्याच ग्रॅनाइटमध्ये आकारमानाने ३० टक्के हेमेटाइट भरा. हेमेटाइटची घनता ५.२६ च्या आसपास, म्हणून खडक थेट ३.४ वर जातो. गुरुत्वमापकाला ऑलिम्पिक डॅममध्ये जे जाणवले ते हे लोह होते. तांबे त्याच्या सोबतीने आले.

भूभौतिक सर्वेक्षणाबद्दल मला सर्वांत आधी हीच गोष्ट सांगावीशी वाटते. तांबे दाखवणारे यंत्र जमिनीवर फिरवता येत नाही. यंत्र घनता, चुंबकीयता, विद्युतवाहकता असे गुणधर्म सांगते, आणि त्या गुणधर्मांचा तांब्याशी काय संबंध आहे हे त्या जागेच्या खडकांवरूनच ठरते. बंद पोते काट्यावर ठेवले तर वजन कळते, आत तांदूळ आहे की ज्वारी ते कळत नाही. पोत्यात हात घालण्याचे काम खडकांच्या गुणधर्मांच्या मोजणीचे आहे.

ही मोजणी दिसायला अगदी साधी असते. कोअरचा तुकडा आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून तोलायचा. दोन वजनांच्या फरकावरून घनता निघते, आर्किमिडीजच्या तत्त्वाने. हातात मावणारे एक उपकरण तुकड्याला टेकवले की चुंबकीय ग्रहणक्षमता कळते. पण यात एक दक्षता घ्यावी लागते. उघड्यावरचा, ऊनपावसाने कुजलेला दगड उचलून मोजला तर आकडा फसवतो. कुजलेला खडक हलका होतो, आणि त्यातल्या मॅग्नेटाइटचे हेमेटाइट झालेले असू शकते. म्हणून ताज्या कोअरची किंमत मोठी. जुन्या मोहिमांतले कोअर शेडमध्ये जपून ठेवणे हा माझ्या मते शोधमोहिमेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित खर्च आहे.

मॅग्नेटाइट आणि हेमेटाइट या दोन नावांवर अजून थोडे थांबले पाहिजे, कारण ऑलिम्पिक डॅमसारख्या साठ्यांचे मर्म तिथेच आहे. दोन्ही लोहाची ऑक्साइडे. घनता जवळजवळ सारखी, ५.२ च्या आसपास. चुंबकीयतेत मात्र मॅग्नेटाइट हेमेटाइटच्या शेकडो पट पुढे. त्यामुळे दोन नकाशे शेजारी ठेवले की खालच्या लोहाचा प्रकार ओळखण्याची वाट सापडते. गुरुत्वही वाढले आणि चुंबकीय क्षेत्रही वाढले, तर मॅग्नेटाइट असण्याची शक्यता. गुरुत्व वाढले पण चुंबक थंडच राहिला, तर हेमेटाइट असू शकेल. या वर्गाच्या अनेक साठ्यांत खोल भागात मॅग्नेटाइट आणि वरच्या, अधिक ऑक्सिडीकरण झालेल्या भागात हेमेटाइट आढळते. ऑलिम्पिक डॅमला तांब्याचा मोठा वाटा हेमेटाइटच्या ब्रेशियात आहे. उलट, क्वीन्सलंडमधला १९९१ साली सापडलेला अर्नेस्ट हेन्री हा साठा मॅग्नेटाइटने भरलेला आहे आणि तिथे चुंबकीय नकाशानेच बोट दाखवले. एकाच वर्गातल्या या दोन साठ्यांसाठी शोधाचे नियम वेगळे ठरले.

ऑलिम्पिक डॅमची चुंबकीय विसंगती आणखी एका कारणाने विचारात पाडते. सापडलेल्या साठ्यात जेवढे मॅग्नेटाइट आहे तेवढ्याने ती विसंगती भरून निघत नाही. तिचा उगम साठ्याच्या बराच खाली असावा असे मानले जाते. म्हणजे ज्या दोन विसंगतींच्या जुळणीने बोअरची जागा ठरली, त्यांची कारणेही एकच नव्हती.

हा धडा शिकलेल्यांनी त्याच प्रदेशात पुढे फळ मिळवले. २००१ मध्ये प्रॉमिनंट हिल आणि २००५ मध्ये कॅरापटीना हे साठे गाळखडकांखाली सापडले, आणि दोन्हीकडे गुरुत्वाच्या नकाशाचा वाटा मोठा होता. कॅरापटीनावर तर पावणेपाचशे मीटरच्या आसपास आवरण आहे.

गुरुत्व मोजणे कष्टाचे काम आहे. पृथ्वीच्या एकूण गुरुत्वाच्या सुमारे दशलक्षांश भागाला एक मिलिगॅल म्हणतात, आणि शोध असतो तो थोड्याशा मिलिगॅलांचा, कित्येकदा त्याच्याही अंशाचा. मापक एक मीटर वर उचलला की वाचन सुमारे ०.३ मिलिगॅलने घटते. म्हणून प्रत्येक जागेची उंची काही सेंटीमीटरपर्यंत अचूक लागते. त्यात भर म्हणजे एकच फुगवटा उथळ, रुंद वस्तूनेही तयार होतो आणि खोल, आटोपशीर वस्तूनेही. गोलाकार वस्तू मानली तर फुगवट्याच्या उंचीच्या निम्म्यावर मध्यापासून जेवढे अंतर असेल त्याच्या १.३ पट खोलीवर तिचे केंद्र निघते. प्रत्यक्षातला साठा गोल नसतो, पण बोअर २०० मीटरचे घ्यायचे की ६०० मीटरचे याचा पहिला अंदाज बांधायला हे पुरते.

महाराष्ट्रात हीच पद्धत जशीच्या तशी वापरता येईल का? आपल्या बहुतेक भूमीवर दक्खनच्या बेसाल्टचे थर आहेत. ऑस्ट्रेलियातले ते आडवे गाळखडक चुंबकाच्या दृष्टीने जवळजवळ मुके होते. आपला बेसाल्ट मात्र स्वतःच बोलका. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो थिजत असताना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र पालटले, त्यामुळे काही थरांचे चुंबकत्व आजच्या दिशेचे तर काहींचे उलट्या दिशेचे आहे. त्यांच्या गलक्यात खालच्या जुन्या खडकांचा आवाज वेगळा काढणे फार अवघड जाते. म्हणूनच तांब्याच्या दृष्टीने आपली आशा पूर्व विदर्भावर आहे, जिथे बेसाल्ट संपतो आणि प्राचीन ग्रॅनाइट व नीस उघडे पडतात. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे तांबे आहे, आणि राज्याची सीमा ओलांडली की बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडची मोठी खाण आहे. दोन्हीकडे तांबे क्वार्ट्झशी निगडित आहे. क्वार्ट्झची घनता २.६५, ग्रॅनाइटएवढीच. अशा ठिकाणी हेमेटाइटवर बेतलेली गुरुत्वाची युक्ती फारशी कामाची नाही. तिथे जमिनीत वीज सोडून सल्फाइडचे विखुरलेले कण शोधावे लागतात. त्या पद्धतीला ग्रॅफाइट कसे चकवते आणि तांब्यापेक्षा बिनकामाचे पायराइटच कधी कधी मोठा संकेत का देते, ते पुढच्या आठवड्यात.