डोह राखला तर मासा राहतो

गावाहून उस्मानिया दवाखान्यात किंवा बाजारहाटाला आलेली मंडळी अफझलगंजच्या नयापुलावरून जाताना खाली मुसी नदी पाहतात आणि नाकाला रुमाल लावून पुढे होतात. ही नदी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते. पुढे शहराचे सांडपाणी तिच्यात मिसळते, आणि खालच्या गावांतील शेतकरी त्याच पाण्यावर गवत व भात पिकवतात. नदी एकदा या थराला गेली म्हणजे तिला परत आणण्यास फार पैसा व फार वर्षे लागतात. म्हणून ज्यांच्या गावची नदी अजून जिवंत आहे, त्यांनी ती आताच राखावी. ती कशी राखावी, हे महाराष्ट्रातील दोन गावांपासून शिकण्यासारखे आहे. त्यांनी राखलेला मासा म्हणजे महसीर.

महसीरची ओळख

महसीर हा गोड्या पाण्यातला मोठा, जाड खवल्यांचा मासा. काही भागांत त्याला खडशी म्हणतात. दख्खनच्या नद्यांतील महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले. मुसी ज्या कृष्णेला मिळते, तिच्या खोऱ्यातलाच हा मासा. त्याला वाहते, स्वच्छ पाणी आणि गोटे-वाळूचा तळ लागतो. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडी घालतो. वाटेत धरण किंवा उंच बंधारा आला की त्याची वाट अडते. रोहू-कटल्याच्या मानाने तो अंडीही कमी घालतो. त्यामुळे एकदा मोठे मासे संपले की त्यांची भरपाई लवकर होत नाही.

२०११ साली जागतिक यादीत हा दख्खनी महसीर धोक्यातील मासा म्हणून नोंदला गेला. पुढच्या फेरतपासणीत तो शिक्का काढला गेला. परंतु यादी काहीही म्हणो, आपल्या गावच्या डोहातला मासा संपला तर आपल्यापुरता तो संपलाच.

उन्हाळ्यातला धोका

सह्याद्रीच्या नद्या उन्हाळ्यात आटतात. वाहते पाणी थांबते आणि फक्त खोल डोह उरतात. कोसभर नदीतले मासे अशा एका डोहात गोळा होतात. पुढच्या पावसाळ्याचे बियाणेच ते! अशा वेळी कोणी सुरुंगाची एक कांडी टाकली किंवा पाण्यात विष कालवले, तर मोठ्या माशाबरोबर पिल्लेही मरतात आणि सारी नदी ओस पडते. सुरुंगाने किंवा विषाने मासे मारणे १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवले होते. पण पोलीस प्रत्येक डोहावर उभा राहू शकत नाही. गाव मात्र उभे राहू शकते.

दोन गावांचा नियम

रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथे वरदायिनी देवीचे ठाणे आहे. डोहातले मासे देवीचे, म्हणून ते कोणी धरीत नाही. येणारे लोक त्यांना खाऊ घालतात. वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणा नदीवर महादेवाच्या देवळापाशी असेच महसीर राखलेले आहेत. नियम साधाच: या एवढ्या पाण्यात जाळे, गळ, सुरुंग काही नाही. बाकीची नदी मासेमारीला मोकळी. राखलेल्या डोहात मासे वाढले तर त्यांची पैदास पावसाळ्यात वर-खाली पसरू शकते.

मात्र नियमाला पहाराही हवा. कर्नाटकात शिशिला येथे कपिला नदीवर देवळाचे असेच मासे आहेत. १९९६ साली कोणी पाण्यात विष टाकले आणि हजारो मासे मेले. लोकांनी तेथे माशांचे स्मारक उभारले.

पिल्ले सोडली म्हणजे झाले काय?

लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० नंतरच्या दशकापासून महसीरची कृत्रिम पैदास होत आली. हे मोठे काम होय. परंतु तेथील पिल्ले कावेरीत सोडली गेली, ती तेथे फोफावली आणि कावेरीचा मूळचा कुबडा महसीर मागे पडला. २०१८ साली तो अतिशय धोक्यातील म्हणून नोंदला गेला. यावरून हे ध्यानात घ्यावे की परक्या नदीचा मासा आणून सोडणे म्हणजे राखणे नव्हे.

आपण काय करावे?

१) गावसभेत एक डोह ठरवावा व तेथे बारमाही बंदी करावी. उन्हाळ्यात तरुणांनी पाळीपाळीने लक्ष ठेवावे.

२) फवारणीचा पंप, डबे व औषधाची रिकामी पिशवी नदीत किंवा ओढ्यात धुऊ नये. काही कीटकनाशके माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारक असतात.

३) मेलेले मासे पाण्यावर तरंगताना दिसल्यास ते खाऊ नयेत व विकू नयेत. ते पाणी माणसांनी पिऊ नये, गुरांनाही पाजू नये. खालच्या वस्तीला ताबडतोब निरोप द्यावा.

४) डोहाजवळची वाळू उपसू नये आणि काठची झाडे तोडू नयेत. सावलीने पाणी थंड राहते व मुळ्यांनी काठ टिकतो.

५) अंडी घालण्याच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याच्या आरंभी, चढणीचे मासे मारू नयेत.

कोणी म्हणेल, तेथे देवीचा धाक होता, आपल्याकडे काय? आपल्याकडे धाक नको, जबाबदारी पुरे. सृष्टी आपल्या हाती सांभाळायला दिली आहे, हे आपण दर रविवारी ऐकतोच. बियाण्याची कणगी आपण दुष्काळातही फोडीत नाही. डोह ही नदीची कणगीच आहे.