बऱ्या झालेल्या माणसाने राहावे कोठे?
(निवारा आणि कायदा : लेखांक सातवा)

माधवगंजातील मराठी वाचकाला ग्वाल्हेरच्या मानसिक आरोग्यशाळेचे नाव अपरिचित नाही. तथापि 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने आग्रा व रांची येथील रुग्णालयांबरोबर या आरोग्यशाळेच्या कारभारावरही राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची देखरेख बसविली, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या स्मरणात नसावी. औषधोपचाराचा प्रश्न अशा संस्थांच्या आवारात कसाबसा सुटतो; परंतु उपचार आटोपल्यावर ज्याला न्यावयास कोणी येत नाही त्याची वासलात काय लावावयाची, हा प्रश्न आवाराबाहेरचा असून आज त्याचाच विचार कर्तव्य आहे.

1912 च्या कायद्याने अशा माणसांची व्यवस्था मुख्यतः कोंडून ठेवण्याच्या दृष्टीने केली, आणि 1987 च्या कायद्यानेही ती दृष्टी पुरती सोडली नाही. 29 मे 2018 पासून अमलात आलेला 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मात्र आपल्या एकोणिसाव्या कलमात निःसंदिग्ध शब्दांत सांगतो, की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही, डोक्यावर छप्पर नाही किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणास्तव कोणाही मनोरुग्णाला आस्थापनेत ठेवता येणार नाही. त्याहूनही महत्त्वाची, आणि वाड्यांच्या हिश्शांवरून भाऊबंदकी माजविणाऱ्या आपल्या समाजाने मुद्दाम ध्यानी घ्यावी अशी तरतूद याच कलमात पुढे आहे: ज्याला आप्तांनी टाकले, त्याला कुटुंबाच्या घरात राहण्याचा आपला हक्क बजावता यावा म्हणून कायदेविषयक साह्यासह सर्व योग्य मदत सरकारने द्यावयाची आहे. वेडा ठरविला की हिस्सा बुडाला, असा जो समज अनेक घरांत सोयीस्करपणे जोपासला जातो, त्याला कायद्याचा काडीचाही आधार नाही.

आता समजा, माधवगंजातील एखाद्या सद्गृहस्थाने आपल्या वाड्याचा वरचा मजला अशा चार निराश्रितांसाठी खुला करण्याची तजवीज केली. स्वतःच्या आप्ताला वा मित्राला घरी सांभाळणाऱ्यास कोणताही परवाना लागत नाही. परंतु परक्या मनोरुग्णांना शुश्रूषा व पुनर्वसन यांसाठी ठेवून घेताच ते घर कायद्याच्या लेखी आस्थापना होते, आणि मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केल्यावाचून ते चालविल्यास पहिल्याच कसुरीला पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड पडतो. सक्तीने मुंडण करणे आणि साखळदंड घालणे तर सर्वथा निषिद्ध आहे. 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतील एरवाडीच्या आगीत पंचवीसहून अधिक साखळबंद जीव होरपळले, हे ज्याला आठवते त्याला या निषेधाचे कारण विचारावे लागणार नाही.

कायद्याचे खरे वैगुण्य निराळेच आहे. अर्धमार्गगृहे आणि सामूहिक निवास उभारण्याचे किंवा त्यांना साह्य देण्याचे कर्तव्य त्याने सरकारवर लादले खरे, पण मुदत घातली ती ‘वाजवी कालावधी’ची, आणि सरकारी दप्तरात वाजवी म्हणजे किती हे आपण सारे जाणतो. महाराष्ट्रात तर बऱ्या झालेल्या रुग्णांची रवानगी भिक्षेकरीगृहांत होऊ लागली, तेव्हा 2021 साली सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करून हा प्रकार थांबविण्यास सांगावे लागले. भिक्षेकरीगृहाला निवास म्हणणे ही शुद्ध फसवणूक होती.

ज्यांच्या नात्यात वा शेजारात अशी टाकलेली व्यक्ती असेल, त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्यावा. या कायद्यान्वये मिळणारे साह्य विनामूल्य आहे. नामनिर्देशित प्रतिनिधी कोणाला व कसा नेमता येतो, ते पुढील आठवड्यात पाहू.