पूल कसा उभा राहतो?

नदी आडवी आली की वाट थांबते. नावेने पलीकडे जाता येते. पण पावसाळ्यात पूर आला की नावही चालत नाही. मग मुलांची शाळा बुडते आणि आजारी माणसाला दवाखान्यात नेता येत नाही. म्हणून माणूस फार पूर्वीपासून पूल बांधत आला आहे.

पुलावरून माणसे, बैलगाड्या, ट्रक आणि आगगाड्या जातात. एवढे वजन पूल कसा पेलतो? पूल हे वजन जमिनीपर्यंत पोहोचवतो. पुलाचे सारे शास्त्र या एका गोष्टीत आहे.

एक छोटा प्रयोग करून पाहा. एक लांबट खोडरबर घ्या. त्याच्या बाजूवर सारख्या अंतरावर उभ्या रेघा काढा. आता त्याची दोन्ही टोके वरच्या बाजूला वाकवा. काय दिसते? वरच्या कडेला रेघा एकमेकींच्या जवळ आल्या. खालच्या कडेला त्या दूर गेल्या. म्हणजे वरचा भाग दाबला गेला आणि खालचा भाग ताणला गेला. प्रत्येक पुलाला हा दाब आणि हा ताण सहन करावा लागतो.

ओढ्यावर आडवा टाकलेला ओंडका हा सर्वांत साधा पूल. त्याला तुळईचा पूल म्हणतात. आज अशा तुळया काँक्रीटच्या करतात. काँक्रीट दाब चांगला सहन करते. पण ताण पडला की त्याला तडे जातात. म्हणून तुळईच्या खालच्या भागात पोलादी सळ्या घालतात. त्या सळ्या ताण सहन करतात.

दगडाचेही काँक्रीटसारखेच आहे. त्याला दाब चालतो, ताण चालत नाही. म्हणून जुन्या कारागिरांनी दगडी पुलाला कमानीचा आकार दिला. ‘तीर-कमान’ हा शब्द तुम्हांला माहीत आहे. पुलाची कमानही धनुष्यासारखी वाकलेली असते. कमानीतील प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबतो. असा दाब पुढे पुढे सरकत शेवटी पायात जातो. अकबर बादशहाच्या काळात मुनीम खान याने जौनपूर येथे गोमती नदीवर असा कमानींचा पूल बांधवला. तो आजही उभा आहे.

आता चार काड्या टोकांना दोऱ्याने बांधून चौकोन करा. कोपरा ढकलला की तो तिरपा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र आपला आकार सोडत नाही. म्हणून पोलादी पुलांत त्रिकोणच त्रिकोण दिसतात. कोलकात्याचा हावडा पूल १९४३ साली सुरू झाला. त्याच्या दोन मुख्य मनोऱ्यांमध्ये सुमारे ४५७ मीटर अंतर आहे. पण हुगळी नदीच्या पात्रात एकही खांब नाही.

मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली सुरू झाला. त्याच्या मधल्या भागात उंच मनोऱ्यांपासून निघालेल्या पोलादी तारांनी रस्ता तोलून धरला आहे. तारांवर ताण पडतो, मनोऱ्यांवर दाब पडतो आणि तो दाब समुद्राच्या तळाखालील खडकात जातो.

पूल वरून कितीही भक्कम असला, तरी त्याचा भार पायावर असतो. पुराचे पाणी खांबांच्या तळाशी असलेली माती आणि वाळू खरवडून नेते. म्हणून पाया शक्यतो खडकापर्यंत नेतात. पूल बांधून झाला तरी त्याची तपासणी वरचेवर करावी लागते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश काळातला पूल पुरात कोसळला. दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहने वाहून गेली. अनेक माणसांचे प्राण गेले. पुढच्या वर्षी, जून २०१७ मध्ये, तेथे नवा पूल सुरू झाला.

अभियंते पूल बांधतात. पण तो जपणे हे सर्वांचेच काम आहे. पुलाला तडा दिसला, कठडा तुटलेला दिसला, तर मोठ्या माणसांना लगेच सांगा. पुलावरून पुराचे पाणी वाहत असेल, तर पलीकडे जाण्याची घाई करू नका. पाणी उतरेपर्यंत थांबा. उशीर झाला तरी चालेल. जीव मोलाचा आहे.