काळ्या पाण्यावरचे रांचीवाले

अंदमान म्हटलं की मराठी माणूस थेट सेल्युलर जेलच्या दारात जाऊन उभा राहतो. सावरकर, कोलू, कोठडी. आपलं अंदमान तिथेच संपतं. आमच्या संपादकांनी मात्र वेगळं विचारलं: कैद्यांच्या या वसाहतीत कॅथलिक समाज रुजला कसा? उत्तर शोधताना मी जेलबाहेरच्या जंगलमजुरांपाशी पोचलो.

सरकारी इतिहास थोडक्यात असा. १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर २०० कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरले. रॉस बेटावर साहेबांसाठी चर्च झालं, ते प्रॉटेस्टंट. १८८३ साली चॅथम बेटावर लाकूड कापायची गिरणी सुरू झाली. पुढे जन्मठेपेचे कैदी इथे पाठवू नयेत, असं ठरू लागलं. मग जंगल तोडणार कोण? १९१८ पासून रांचीकडच्या छोटा नागपुरातून उरांव, मुंडा, खडिया आदिवासी मजूर येऊ लागले, तेच हे ‘रांचीवाले’. भरती करण्यात रांचीच्या कॅथलिक मिशनचा मोठा हात होता. मुकादमाच्या जागी इथे मिशन होतं.

हा मजूर पडौकचं झाड कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या करवतीने पाडायचा. ओंडका हत्ती खाडीपर्यंत ओढत नेई. तिथे ओंडक्यांचे तराफे बांधून ते चॅथमला जात. जळवा, मलेरिया, मुसळधार पाऊस हे रोजचंच. कॅम्पवर कायमचा पाद्री नव्हता. रविवारी त्यांच्यातलाच जाणता माणूस सादरी बोलीत प्रार्थना सांगे. अंदमानातल्या कॅथलिक समाजाचा पाया या माणसांनी घातला, असं मी मानतो.

पुढे पोर्ट ब्लेअरचा धर्मप्रांत रांचीपासून वेगळा झाला, १९८४ साली. पहिले बिशप झाले गोव्याच्या पिलार संस्थेचे अलेइशो दीयश.

आता खरी अडचण. छोटा नागपुरात हे लोक ख्रिस्ती झाले त्यामागे जमिनीचा मोठा वाटा होता. १८८५ मध्ये तोरपाला आलेले बेल्जियन फादर लिव्हन्स जमीनदारांविरुद्धच्या खटल्यांत कुळांच्या पाठीशी उभे राहिले, म्हणून गावंच्या गावं त्यांच्याकडे वळली. त्याच माणसांच्या नातवंडा-पतवंडांकडे अंदमानात पिढ्या गेल्या तरी अनेकदा जमिनीचा कागद नाही. जंगल तोडून वस्तीला जागा ज्यांनी करून दिली, त्यांच्यातले कित्येक आज वनजमिनीवरचे अतिक्रमणदार ठरतात.

शिवाय झारखंडात उरांव, मुंडा अनुसूचित जमातीत आहेत. अंदमान-निकोबारच्या यादीत नाहीत. तिथे फक्त बेटांवरच्या मूळ जमाती आहेत, आणि त्यांचं संरक्षण व्हायलाच हवं. पण समुद्र ओलांडला म्हणून माणसाचं आदिवासीपण संपतं का?

आपल्या वाशीमच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पोहरादेवीला देशभरातून बंजारा बांधव येतात. तेलंगणातून आलेला अनुसूचित जमातीचा, आपल्या मानोऱ्याच्या तांड्यावरचा विमुक्त जातीचा. गोर बोली एक, सेवालाल महाराज एक, दाखले दोन. ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामावर गेलेलं आपल्याकडचं कुटुंबही तिथे रेशनपासून शाळेपर्यंत परकंच ठरतं.

रांचीवाल्यांना शंभर वर्षांच्या वस्तीचा जमिनीचा हक्क आणि त्यांच्या मागासलेपणाला साजेशा सवलती मिळायला हव्यात. अंदमानला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी सेल्युलर जेल जरूर पाहावं. तिथून रांची बस्तीतही जावं आणि तिथल्या लोकांशी बोलावं.